आडवे पडले तरी माती न हलणारी बांधणी : विमानाने बोन्साय नेणाऱ्यांसाठी बेळगावातील एक सेवा

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराची वस्ती विरळ होऊ लागते त्या भागात असलेल्या या रोपवाटिकेत बोन्साय झाडे विकत मिळतात, त्यांची छाटणी आणि कुंडीबदल करून मिळतो आणि विमानाने झाड नेणाऱ्यांसाठी ते प्रवासाला बांधूनही दिले जाते. या परीक्षणाचा विषय ही शेवटची सेवा आहे. मी तिथूनच घेतलेले नांदरुकाचे बोन्साय त्यांच्या बांधणीत सांबरा विमानतळावरून बंगळूरमार्गे दिल्लीला आणि तिथून मोटारीने गुरुग्रामला मुलीच्या घरी नेले. बांधणी होत असताना मी शेजारी उभा होतो आणि मुक्कामी पोचल्यावर ती माझ्याच हाताने सोडवली, त्यामुळे तिचा प्रत्येक थर मला माहीत आहे. लहान झाड हातातल्या सामानातून न्यायचे असेल तर ही सेवा अवश्य घ्यावी, तिचे पैसे वसूल होतात असे माझे स्पष्ट मत आहे. मोठे झाड असेल किंवा परदेशी न्यायचे असेल तर मात्र ती उपयोगाची नाही, आणि रोपवाटिकेचे मालक ही गोष्ट गिऱ्हाइकाने विचारण्याआधी स्वतःच सांगतात, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

झाड विमानात नेण्याचा विचार करणारे बहुतेक लोक खोका किती मजबूत आहे आणि त्यात बबल रॅप किती भरला आहे याचीच काळजी करतात. खरी अडचण वेगळ्या ठिकाणी असते. इंडिगोसारख्या कंपनीची हातातल्या सामानाची मर्यादा ७ किलो वजनाची आणि ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर मापाची आहे, आणि इतर कंपन्यांची मापेही थोड्याफार फरकाने याच्याच आसपास असतात. ही मापे वाचल्यावर तीस-पस्तीस सेंटिमीटर उंचीचे झाड सहज जाईल असे वाटते. परंतु डोक्यावरच्या कप्प्यात बॅग आडवी सरकवली जाते आणि तिथे उंचीला मिळते ते पंचवीस सेंटिमीटरच्या आसपासचे माप. झाड उभे न्यायचे तर कुंडीसकट त्याची उंची त्याच्याही आत बसली पाहिजे. म्हणजे बोन्सायच्या भाषेत ज्याला शोहिन म्हणतात, त्या साधारण वीस सेंटिमीटरपर्यंतच्या आकाराचेच झाड तिथे सरळ उभे राहू शकते. त्याहून थोडे उंच झाड घेतले की कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर खोका आडवा होणार हे ठरलेले असते. बेळगाव–बंगळूर मार्गावर अनेकदा एटीआर जातीचे छोटे विमान असते आणि त्यातले वरचे कप्पे एअरबसपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे आपल्याकडच्या प्रवाशाला ही अडचण इतर ठिकाणच्या प्रवाशापेक्षा अधिक जाणवते.

रोपवाटिकेच्या मालकांना हे नेमके उमगलेले आहे, आणि त्यांच्या सेवेचे सारे मोल त्यातच आहे. बांधणीला सुरुवात करताना त्यांनी मला सांगितले, "सर, झाड उभं न्यायचं म्हणून बांधायचं न्हाई, आडवं पडंल म्हणून बांधायचं." पुढचा तास-दीड तास जे काही झाले ते सगळे या एका वाक्याला धरून झाले.

कुंडी आदल्या दिवशी सकाळी पाण्याच्या टबात बुडवून ठेवली गेली होती. मातीतून वर येणारे हवेचे बुडबुडे थांबले की ती बाहेर काढतात आणि एका बाजूने उंच केलेल्या फळीवर रात्रभर निथळू देतात. यामुळे बांधणीच्या वेळी माती आतपर्यंत ओलसर असते, पण कुंडीतून थेंब गळत नाही. प्रवासाच्या दिवशी सकाळी भरपूर पाणी घालण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे आणि ती या कामात हानिकारक ठरते. एक तर ओल्या मातीचे वजन वाढते, एक लिटर मापाची भिजलेली माती सहज दीड किलोपर्यंत जाते. शिवाय तपासणीच्या ट्रेमध्ये चिखलपाणी सांडले तर कर्मचाऱ्यांची नाराजी ओढवते. या रोपवाटिकेत मातीचे मिश्रणही मुळात हलके असते. चाळलेल्या विटांचे बारीक तुकडे, कोळसा, कोकोपीट आणि थोडी जांभ्याची माती असे ते मिश्रण आहे. नुसती तांबडी माती भरलेल्या कुंडीपेक्षा ती उचलायला स्पष्ट हलकी लागते.

पुढचा टप्पा झाड कुंडीला जखडण्याचा. बोन्सायच्या उथळ कुंडीत झाड नुसत्या मातीच्या आधाराने उभे नसते. कुंडीबदल करतानाच तळाच्या भोकांतून ॲल्युमिनियमची तार वर ओवून ती मुळांच्या गड्ड्यावर आवळलेली असते. मालकांनी ती तार प्रथम बोटाने दाबून तपासली, एका बाजूला ती सैल झाली होती तिथे पकडीने दोन पीळ दिले, आणि मग बुंध्याजवळच्या जाड मुळावरून दुसरी तार कुंडीच्या खालून फिरवून घेतली. तार जिथे मुळाला टेकत होती तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटाएवढा तुकडा घातला. नांदरूक हे वडाच्या कुळातले झाड असल्यामुळे साल कापली गेली की चीक वाहू लागतो, आणि प्रवासात घासून घासून झालेली जखम भरायला वेळ लागतो, म्हणून हा तुकडा. त्यांचा मदतनीस कन्नड बोलणारा तरुण मुलगा आहे. कुंडी धरून ठेवणाऱ्या त्या मुलाला मालक "निधान, निधान" (कन्नडमध्ये 'सावकाश') असे हळू आवाजात बजावत होते आणि मुलगाही फांदीला हात न लावता कुंडीच्या कडेलाच धरून होता. सामान उचलायचे म्हणजे बुंधा धरायचा ही सवय ज्यांनी मोडली आहे अशी माणसे रोपवाटिकांत फारशी दिसत नाहीत.

मातीवर ओल्या शेवाळाचा थर दाबून बसवला गेला. त्यावर जुन्या सुती धोतराचा गोल कापलेला तुकडा आला. त्याला एका बाजूने मध्यापर्यंत चीर दिलेली असते, ती बुंध्याभोवती गुंडाळून कापडाच्या कडा कुंडीच्या ओठाखाली सुतळीने घट्ट आवळतात. इथे प्लास्टिकची पारदर्शक फिल्म वापरली तरी चालली असती असे मला वाटले होते. फिल्मखाली वाफ धरते आणि मुळांना हवा मिळत नाही, कापडातून ओल टिकते आणि हवाही खेळते, असे मालकांचे म्हणणे पडले आणि ते मला पटले. कुंडीच्या खालच्या भागाला मात्र त्यांनी प्लास्टिकची पिशवी चढवून काठावर बांधली, म्हणजे उरलासुरला थेंब बाहेर पडू नये.

फांद्यांची सोय पाहून मला विशेष समाधान वाटले. सफरचंदावर आणि पेरूवर फळवाले चढवतात ती पांढरी, मऊ फोमची जाळी त्यांनी बाजारातून गोळा करून ठेवलेली आहे. प्रत्येक मोठ्या फांदीच्या टोकावर एकेक जाळी सरकवली गेली आणि जिथे दोन फांद्या एकमेकींवर घासण्याची शक्यता होती तिथे मध्ये एक दुमडून घातली. झाडाच्या शेंड्याला बबल रॅपमध्ये करकचून गुंडाळण्याची पद्धत त्यांनी पूर्ण टाळली आहे. त्या पद्धतीत कोवळ्या फुटी मोडतात आणि वर्षानुवर्षे तारेने वळवलेल्या फांद्यांची ठेवण बिघडते. बोन्सायमध्ये एक फांदी गेली की झाडाचा तोलच जातो आणि तो पुन्हा आणायला काही वर्षे लागतात, हे ज्याने एकदा झाड वाढवले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

खोका सनपॅक शीटचा असतो, म्हणजे निवडणुकीचे आणि दुकानांचे फलक ज्याच्यावर छापतात त्या पोकळ प्लास्टिकच्या शीटचा. वजनाला तो नगण्य असतो, पावसात भिजत नाही आणि त्याला हवी तिथे भोके पाडता येतात. तळाला पातळ प्लायवूडची फळी असते आणि कुंडी त्या फळीला नायलॉनच्या दोन पट्ट्यांनी आडवी-उभी बांधलेली असते, त्यामुळे खोक्याच्या आत कुंडीच्या चारी बाजूंना मोकळी जागा राहिली तरी ती सरकत नाही. भोके वरच्या अर्ध्या भागातच असतात. हे सगळे झाल्यावर मालकांनी झाकण न लावता खोका माझ्यासमोर डाव्या कुशीवर आडवा केला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग उजव्या कुशीवर वळवला आणि शेवटी हाताने दोनदा हलका हिसका दिला. त्यानंतर सुतळीखालच्या कापडाच्या कडेवरून बोट फिरवून दाखवले. बोटाला मातीचा कणसुद्धा लागला नाही. ताणकाट्यावर सगळ्याचे वजन साडेचार किलोच्या आत भरले.

हा आडवा करून पाहण्याचा प्रकार मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही, आणि गिऱ्हाइकासमोर तो करण्याची त्यांची तयारी हीच या सेवेची खरी हमी आहे.

झाडाच्या निवडीबाबतही ते ठाम आहेत. माझ्या आधी शहापूरहून एक बाई चिंचेचे सुंदर बोन्साय घेऊन आल्या होत्या. ते त्यांना मुंबईला मुलाकडे न्यायचे होते आणि त्याची कुंडी नुकतीच, पंधरवड्यापूर्वी बदललेली होती. मालकांच्या सूनबाईंनी झाड किंचित हलवून पाहिले आणि सांगितले, "ताई, मुळं अजून धरलेली न्हाईत. दोन महिने थांबा की, मग बांधून देतो." बाईंचे तिकीट काढलेले होते, त्या थोड्या नाराजही झाल्या, तरीही सूनबाईंनी पैसे घेऊन काम करण्याचे नाकारले. हा निर्णय बरोबरच होता. कुंडीबदलात मुळे छाटलेली असतात, नवी पांढरी मुळे फुटून मातीला धरेपर्यंत झाड नुसत्या तारेवर तग धरून असते, आणि तेवढ्यात हिसके बसले तर ती कोवळी मुळे तुटतात. आपल्याकडे नांदरूक, वड, उंबर यांचा कुंडीबदल पावसाळ्याच्या तोंडाला करावा, म्हणजे दिवाळीच्या सुमारास झाड प्रवासाला पक्के होते. ज्यांना दिवाळीत नातेवाइकांकडे झाड न्यायचे आहे त्यांनी जूनमध्येच रोपवाटिकेत जाऊन झाड निवडावे आणि ते मातीच्या जड कुंडीऐवजी हलक्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये लावून घ्यावे. खानापूरच्या मातीची भाजलेली देखणी कुंडी वेगळी, कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत द्यावी आणि पुढच्या पावसाळ्यात झाड तिच्यात हलवावे.

विमानात न्यायला कोणते झाड योग्य, याबद्दल माझे त्यांच्याशी पूर्ण एकमत आहे. नांदरूक आणि जेड ही दोन झाडे सर्वांत सोशिक आहेत. जेडची पाने मांसल असल्यामुळे ते पाण्यावाचून कितीतरी दिवस काढते, मात्र त्याच्या फांद्या ठिसूळ असतात आणि जाळी चढवतानाच मोडू शकतात. बोगनवेल फुलांवर असताना नेऊ नये, सगळी फुले वाटेतच गळतात. जुनिपर या सूचिपर्णी झाडाला विमानातले दोन-तीन तास काहीच त्रास होत नाही, पण ते घराच्या आत ठेवण्याचे झाड नाही, म्हणून ज्याच्याकडे न्यायचे त्याच्याकडे उघडी गच्ची किंवा गॅलरी नसेल तर ते देऊच नये.

केबिनमध्ये हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. त्याने झाडाला अपाय होत नाही, तेवढ्या उंचीवर हिमालयात घनदाट जंगले आहेत. त्रास होतो तो कोरड्या हवेचा. लांबच्या उड्डाणात केबिनमधली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते, आणि बेळगावच्या ओलसर हवेत वाढलेल्या झाडाची पाने त्यात लवकर सुकतात. खोका झाकलेला आणि शेवाळ ओले असले की आतली हवा दमट राहते, एवढी तजवीज पुरेशी आहे. मोठ्या सामानात, म्हणजे विमानतळावर जमा करायच्या बॅगांबरोबर, झाड देण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. सरकत्या पट्ट्यावरून पडणे, ट्रॉलीत इतर बॅगांखाली दबणे आणि एप्रिल-मेच्या उन्हात धावपट्टीजवळ ताटकळत राहणे यांपैकी कोणतीही गोष्ट 'नाजूक सामान' अशी चिठ्ठी लावल्याने टळत नाही. रोपवाटिकेचे लोकही मोठ्या सामानासाठी बांधून देत नाहीत.

आता उणिवांकडे वळतो, कारण त्या आहेत आणि त्यांतल्या दोन सहज दूर करता येण्यासारख्या आहेत.

पहिली उणीव झाकणाची. माझ्या खोक्याचे झाकण चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टीने बंद केलेले होते. एक्स-रे यंत्रात ओल्या मातीचा गोळा दाट आणि गडद दिसतो आणि त्यात काय दडले आहे हे पडद्यावरून कळत नाही, तेव्हा सुरक्षा कर्मचारी खोका उघडायला सांगणार हे गृहीतच धरले पाहिजे. तसे त्यांनी सांगितले आणि त्यात त्यांचे काहीही चुकले नाही. पट्टी मात्र नखाने सुटता सुटेना. शेवटी किल्लीच्या टोकाने ती फाडावी लागली आणि पुन्हा बंद करायला हाताशी काही नसल्यामुळे बंगळूरपर्यंत झाकण मी दाबून धरले. झाकणाला वेल्क्रो लावावे किंवा एका बाजूला पारदर्शक शीटची खिडकी ठेवावी, म्हणजे न उघडताही आत झाड आहे हे दिसेल. परत आल्यावर मी हे मालकांना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. तोवर ज्यांना जायचे आहे त्यांनी चिकटपट्टीऐवजी कापडी पट्ट्याची गाठ मारून मागावी. छाटणीची कात्री, तार कापण्याची पकड ही अवजारे कोणत्याही परिस्थितीत हातातल्या सामानात ठेवू नयेत, ती मोठ्या बॅगेतच जातात. फवारणीची बाटलीही रिकामी न्यावी आणि तपासणी झाल्यावर भरून घ्यावी.

दुसरी उणीव पावतीची. पावतीवर नुसते 'झाड बांधणी' असे लिहिलेले असते. झाडाचे नाव, ते रोपवाटिकेत वाढवलेले आहे ही नोंद आणि वजन एवढे तीन तपशील त्यावर आले तर विमानतळावर प्रश्न विचारला गेल्यास पुढे करायला एक कागद हाताशी राहील. देशांतर्गत प्रवासात साध्या कुंडीतल्या झाडाला वेगळा दाखला मागत नाहीत, परंतु शेवटी विमानाच्या दाराशी असलेल्या कर्मचाऱ्याचा शब्द चालतो. म्हणून तिकीट काढल्यावर कंपनीच्या ग्राहक कक्षाला झाडाची आणि खोक्याच्या मापांची आधी कल्पना द्यावी आणि मिळालेले उत्तर लेखी, निदान ईमेलवर घ्यावे. रोपवाटिकेत ही सूचना दिली जात नाही, ती द्यायला हवी.

तिसरी उणीव मला अधिक महत्त्वाची वाटते. झाड मुक्कामी पोचल्यावर त्याचे काय करायचे, याबद्दल तिथे जवळजवळ काहीच सांगितले जात नाही. बांधणीवर एवढे कष्ट घेणाऱ्या माणसांनी शेवटचा टप्पा गिऱ्हाइकाच्या नशिबावर सोडावा हे खटकते, कारण विमानातून सुखरूप उतरलेली झाडे पुढच्या पंधरा दिवसांत चुकीच्या देखभालीने दगावतात. नांदरुकाला जागा बदललेली सोसत नाही. नव्या घरातला उजेड आणि हवा निराळी लागली की ते पाने पिवळी करून गाळू लागते, आणि झाड मरते आहे असे समजून घरचे लोक त्याला दिवसातून दोनदा पाणी घालू लागतात. त्याने मुळे कुजतात. माझ्या झाडानेही बरीच पाने गाळली. मुलीला मी एवढेच सांगून ठेवले होते की खिडकीजवळची भरपूर उजेडाची एकच जागा ठरवायची, ती बदलायची नाही, मातीत बोट घालून वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्यायचे, खत आणि छाटणी दोन्ही महिनाभर बंद ठेवायची. गळलेल्या पानांच्या बगलेत पुढे नव्या फुटी आल्या. दिल्लीकडच्या थंडीत किमान तापमान पाच अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा दहा अंशांच्या खाली गेले की हे झाड घरात घ्यावे लागते. बेळगावात कितीही थंडी म्हटली तरी अशी वेळ सहसा येत नाही, त्यामुळे आपल्या माणसाला ते सुचत नाही.

आंब्याच्या दिवसांत जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मे महिन्यात बाहेरगावी जाणारा प्रवासी सोबत हापूसची पेटी नेतोच. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो आणि बंद जागेत तो साठला तर झाडाची पाने गळतात. सांबऱ्याला जाताना मोटारीच्या डिकीत पेटी आणि झाड शेजारी ठेवू नये, आणि निघण्याच्या आदल्या रात्री दोन्ही एका बंद खोलीत तर मुळीच ठेवू नये.

बांधणीचे, खोका धरून, माझ्याकडून ६५० रुपये घेतले. बाहेरून आणलेल्या झाडालाही तोच दर आहे. तासाभराची दोन माणसांची मेहनत आणि सामान पाहता मला तो रास्त वाटला. निपाणी, चिकोडी या भागातल्या लोकांना कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ जवळ पडतो. त्यांनी केवळ बांधणीसाठी बेळगावपर्यंत यावे का, हा प्रश्न आहे. झाड मौल्यवान असेल तर यावे, साधे असेल तर वरची पद्धत पाहून घरी बांधता येईल. मोठे विमान मिळावे म्हणून काही जण गोव्याहून उड्डाण घेतात. चोर्ला घाटातल्या वळणांवर झाडाला जे हिसके बसतात ते विमानातल्यापेक्षा अधिक असतात, तेव्हा झाडासाठी म्हणून तो वळसा घेऊ नये.

पंचवीस सेंटिमीटरपेक्षा पुष्कळ उंच आणि पाच-सात किलोंच्या पुढचे झाड असेल तर मालक सरळ रेल्वेने जायला सांगतात. बंगळूरसाठी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसची एक रात्र आणि दिल्लीसाठी गोवा एक्स्प्रेसच्या दोन रात्री, खालच्या बर्थखाली झाड उभे राहू शकते का हे आधी मोजून घेतलेले, असा त्यांचा सल्ला असतो. विमानाच्या तिकिटाचा आग्रह असणाऱ्यांना तो रुचत नाही, पण झाडाच्या हिताचा तोच आहे.

परदेशाबाबत त्यांची भूमिका स्वच्छ आहे, ते बांधून देत नाहीत. बेळगाव, खानापूर भागातली कितीतरी मुले आखाती देशांत, अमेरिकेत आणि युरोपात आहेत आणि त्यांच्याकडे जाणारे आई-वडील चौकशीला येतात, म्हणून इथे थोडे लिहितो. युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०१९ पासून प्रवाशाच्या सामानातल्या झाडालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र बंधनकारक केले आहे. अमेरिकेत भारतातली माती लागलेले झाड नेता येत नाही, आणि बोन्सायसारख्या मुद्दाम खुजी ठेवलेल्या झाडांना तिथे वेगळे, अधिक कडक नियम लागू आहेत. उलट दिशेनेही तसेच आहे. सिंगापूर किंवा बँकॉकहून हौसेने बोन्साय घेऊन येणाऱ्याला भारतात वनस्पती संगरोध आदेश, २००३ प्रमाणे आयात परवाना आणि तिकडचे प्रमाणपत्र लागते, आणि माती आणता येत नाही. मुळे धुऊन झाड नेण्या-आणण्यात ते जगण्याची शक्यता किती उरते, याचा विचार करता ज्या गावी माणूस राहतो त्याच गावातून त्याला झाड घेऊन देणे श्रेयस्कर.

सांबऱ्याला एटीआर विमान असेल तर इमारतीपासून विमानापर्यंत उघड्यावरून चालत जावे लागते. खोका छातीशी, दोन्ही हातांनी तळाला धरून न्यावा. मूठ असली तरी एका हाताने लोंबकळत नेऊ नये. विमानात शिरताच कर्मचाऱ्यांना आत जिवंत झाड आहे हे सांगावे आणि खोका कोणत्या बाजूने ठेवायचा ते दाखवावे. वरच्या कप्प्यात तो आडवाच ठेवावा लागला तर जड बॅग त्याच्यावर येणार नाही एवढे पाहावे. बंगळूरला विमान बदलताना मोकळा वेळ मिळाला की झाकण उघडून कापडाला हात लावून पाहावा, ओल असेल तर पाणी घालण्याची गरज नसते.

रोपवाटिकेत बांधणीसाठी निदान चार दिवस आधी सांगावे लागते आणि झाड उड्डाणाच्या दोन दिवस आधी तिथे पोचवावे लागते, कारण भिजवणे, निथळवणे आणि बांधणे यांना तेवढा वेळ हवा असतो. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या गर्दीत आठवडाभर आधी गाठावे. जाताना तिकिटाची प्रत न्यावी, म्हणजे विमान कोणत्या जातीचे आहे ते पाहून मालक खोक्याची उंची ठरवतात.